अपुरी झोप आणि मेंदूचा ‘हातचा’

(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, बेलवली येथे दिलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)





वार्षिक सभेत जमाखर्चाचा आणि रुग्णसेवेचा आढावा घेऊन झाल्यावर सर्वांच्या उपयोगाच्या एखाद्या आरोग्यविषयावर चार शब्द बोलावेत, असा प्रघात आहे. यंदा आम्ही ‘झोप’ हा विषय निवडला आहे. मधुमेह, हृदयविकार, कर्करोग असे गंभीर विषय समोर असताना झोपेसारख्या साध्या गोष्टीवर वेळ का खर्चावा, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. परंतु रुग्णालयात रात्री घडणाऱ्या आणि सकाळी निस्तराव्या लागणाऱ्या अनेक गोष्टींचे मूळ या एका साध्या गोष्टीपाशी जाते, असे आमचे मत आहे. ते आपल्यापुढे मांडण्याचा हा नम्र प्रयत्न.

आपल्या समाजात जागरणाला फार मान आहे. खंडोबाचे जागरण, कोजागरीची रात्र, एकादशीचे भजन या सगळ्यांत जागणे हेच पुण्य. एखाद्याच्या कष्टांचे कौतुक करायचे झाले, तर ‘त्याने रात्रीचा दिवस केला’ असे आपण म्हणतो. उलटपक्षी, झोपाळू हा शब्द आपण आळशाला लावतो. वास्तविक आपल्या प्राचीन वैद्यकाची दृष्टी अशी नव्हती. चरकसंहितेने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत. त्यांतील आहाराची चौकशी आपण घरोघरी करतो. ‘जेवलात का?’ हा प्रश्न आपल्या तोंडी सहज येतो, ‘झोपलात का?’ असे मात्र आपण क्वचितच विचारतो.

हातचा म्हणजे काय?

शाळेत बेरीज शिकताना गुरुजी सांगत, ‘सात आणि पाच बारा, बाराचे दोन, हातचा एक.’ तो हातचा कागदावर नसतो, तोंडातही नसतो. पुढील घराची बेरीज होईपर्यंत मनात धरून ठेवायचा असतो. तो सुटला की रीत बरोबर असूनही उत्तर चुकते. मेंदूच्या ज्या सोयीमुळे आपण असा हातचा धरू शकतो, तिला मानसशास्त्रज्ञ ‘कार्यरत स्मृती’ म्हणतात. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश संशोधकांनी १९७४ मध्ये तिची सविस्तर मांडणी केली. मोबाइलवर आलेला सहा आकडी संकेतांक दुसऱ्या पडद्यावर भरेपर्यंत लक्षात ठेवणे, बोलणाऱ्याचे वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात ध्यानात असणे, फोडणीत मोहरी पडली की नाही हे आठवणे, सलाईनचे थेंब मोजताना मध्येच कोणी हाक मारली तरी मोजणी न विसरणे, ही सारी कार्यरत स्मृतीची कामे. तिची जागा अगदी अपुरी असते; एका वेळी जेमतेम चार-पाच गोष्टी तीत मावतात आणि लक्ष विचलित झाले की त्या काही सेकंदांत पुसल्या जातात.

या कामात मेंदूचा कपाळामागील भाग, म्हणजे ललाटखंडाचा पुढचा हिस्सा, आणि डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूचा पार्श्वखंड हे प्रामुख्याने भाग घेतात. या सर्वांना जागृत आणि सज्ज ठेवण्याचे काम मेंदूच्या गाभ्यातील थॅलॅमस नावाचे केंद्र करते. अपुऱ्या झोपेचा फटका बसतो तो नेमका याच व्यवस्थेला.

जागलेल्या मेंदूत काय दिसते?

गेल्या काही दशकांत चुंबकीय प्रतिमांकनाच्या, म्हणजे एमआरआयच्या, एका विशेष पद्धतीने काम करीत असलेला मेंदू पाहता येऊ लागला. सिंगापूर येथील मायकेल ची आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात बोलका आहे. तरुण, निरोगी स्वयंसेवकांना एकदा नेहमीच्या झोपेनंतर आणि एकदा सलग २४ तास जागे ठेवल्यानंतर दोन कामे देण्यात आली. पहिले काम सोपे, काही अक्षरे थोडा वेळ लक्षात ठेवण्याचे. दुसरे अवघड, लक्षात ठेवलेल्या प्रत्येक अक्षराऐवजी वर्णमालेतील पुढचे अक्षर मनात आणण्याचे. आपल्या भाषेत सांगायचे, तर ‘क, त, प’ दाखवले असता ‘ख, थ, फ’ असे मनात जुळवायचे.

जागरणानंतर दोन्ही कामांत उत्तरे मंदावली. नुसती मंदावली नाहीत, तर अनियमित झाली. एक उत्तर झटकन, दुसरे फार उशिरा. अवघड कामाच्या वेळी डाव्या ललाटखंडाचा एक भाग आणि थॅलॅमस नेहमीपेक्षा अधिक जोराने काम करताना दिसले. थकलेला बैल चढावर जास्त जोर लावतो, तसाच हा प्रकार. याउलट काम करताना एरवी जे भाग शांत होतात, ते पुरेसे शांत झाले नाहीत. जणू घरात अभ्यास चालू असताना शेजारच्या खोलीतील गलबला थांबेनासा झाला. आणि सर्वांत लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे, उत्तरांच्या अचूकतेतील घट अवघड कामापेक्षा सोप्या कामात जास्त आढळली.

ही शेवटची बाब आपण नीट लक्षात घ्यावी, अशी विनंती आहे. अवघड काम समोर आले की थकलेला माणूसही कंबर कसतो, मेंदू जादा कुमक पाठवतो. सोप्या, रोजच्या, ‘त्यात काय एवढे’ म्हणण्याजोग्या कामात ती कुमक येत नाही आणि चूक तेथे होते. गॅस बंद केला का, गोळी सकाळची की रात्रीची, रूळ ओलांडण्यापूर्वी दुसऱ्या बाजूला पाहिले का, अशी ही कामे असतात.

याच्याही खोलात जाणारा एक अभ्यास २०११ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातून प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ जागे ठेवलेल्या उंदरांच्या मेंदूतील पेशींचे विद्युत्‌संकेत नोंदवले असता असे दिसले की, प्राणी डोळे उघडे ठेवून हिंडतफिरत असतानाच मेंदूच्या कवचातील काही पेशीसमूह क्षणभर बंद पडत होते, जसे ते गाढ झोपेत पडतात. साखरेची गोळी पंजाने उचलण्याच्या वेळी असे घडले, तर ती गोळी हातची जाण्याचा संभव वाढत होता. अर्थात, जागेपण आणि झोप यांच्यामध्ये एकच दार नसते. घरातील माणसे एकेक करून निजावीत, तसे मेंदूचे भाग निजू लागतात आणि घरमालकाला वाटत राहते की आपण अजून जागे आहोत.

‘मला सवय आहे’ हा भ्रम

‘आम्हांला पाच तास पुरतात, सवय झाली आहे,’ असे सांगणारे अनेक जण भेटतात. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांला शंका नाही. तथापि अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाकडे लक्ष वेधावेसे वाटते. ४८ निरोगी प्रौढांपैकी काहींना रात्री चार तास, काहींना सहा तास आणि काहींना आठ तास झोपण्याची मुभा १४ दिवस देण्यात आली. आणखी एका गटाला सलग तीन दिवस जागे ठेवण्यात आले. आठ तासांचा गट जवळपास स्थिर राहिला. चार आणि सहा तासांच्या गटांची सावधानता आणि कार्यरत स्मृती मात्र दिवसेंदिवस ढासळत गेली. दोन आठवड्यांअखेरीस ही घसरण एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांच्या पातळीपर्यंत पोहोचली.

आणि तरीही, ‘तुम्हांला किती झोप येते आहे?’ या प्रश्नाला याच मंडळींची उत्तरे पहिल्या काही दिवसांनंतर फारशी बदलली नाहीत. क्षमता खाली जात होती, पण त्याची जाणीव वाढत नव्हती. सवय झाली ती थकव्याची. मेंदूचे काम मात्र पूर्वपदावर आले नाही. स्वतःच्या झोपेच्या गरजेविषयी स्वतःचीच साक्ष किती विश्वसनीय मानावी, हे यावरून ध्यानात येईल. प्रौढांनी रात्री किमान सात तास झोप घ्यावी, ही तज्ज्ञांची शिफारस आहे.

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर

हा विषय आम्ही आपल्या परिसरात का मांडतो आहोत, हे आता सांगितले पाहिजे. बदलापूर हे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटर अंतरावर आहे. परवडणाऱ्या घराच्या शोधात असंख्य कुटुंबे कल्याणच्याही पुढे येऊन स्थिरावली; २०११ च्या जनगणनेत बदलापूरची लोकसंख्या १,७४,२२६ आणि अंबरनाथची २,५३,४७५ नोंदली गेली. घर मिळाले, पण त्याची किंमत नुसत्या रुपयांत चुकती झाली नाही. एका बाजूचा लोकल प्रवास दीड तासाच्या आसपास, त्यात स्थानकापर्यंतचे येणे-जाणे वेगळे. बसायला जागा मिळावी म्हणून पहाटेची गाडी पकडायची, डब्यासाठी घरातील गृहिणीने त्याच्याही आधी उठायचे आणि रात्री परतून जेवणखाण, मुलांचा अभ्यास उरकेतो अकरा वाजायचे, हा अनेक घरांचा परिपाठ आहे. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत पाळीने काम करणारे कामगार, उल्हासनगरच्या छोट्या कारखान्यांत आणि दुकानांत उशिरापर्यंत राबणारे कारागीर यांचीही स्थिती फार वेगळी नाही.

पहाटे चारला उठणाऱ्याचे नुकसान नुसते तासांत मोजून चालत नाही. गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पूर्वार्धात येते. ज्या टप्प्यात डोळ्यांची जलद हालचाल होते आणि बहुतेक स्वप्ने पडतात, तो उत्तररात्री अधिक असतो. चारचा गजर कापतो तो मुख्यतः हा दुसरा भाग. गाडीत लागणारी डुलकी थकवा काहीसा हलका करते, ती जरूर घ्यावी. परंतु प्रत्येक स्थानकाला मोडणारी ही झोप रात्रीच्या सलग झोपेची जागा घेऊ शकत नाही. चहा-कॉफीचेही तसेच. आपण जागे असताना मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि झोपेची ओढ निर्माण करते. कॅफिन त्या द्रव्याची दारे अडवून धरते, साचलेले द्रव्य कमी करीत नाही. कर्ज तसेच राहते, तगादा तेवढा थांबतो.

रस्त्यावरील सुरक्षिततेचा विचार केला, तर ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये केलेली तुलना उद्‌बोधक ठरेल. सलग १७ तास जागे राहिलेल्या व्यक्तीची हात आणि नजर यांच्या समन्वयाची कसोटी घेतली असता, तिची घसरण रक्तात १०० मिलिलिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या व्यक्तीइतकी आढळली. आपल्या मोटार वाहन कायद्याने वाहनचालकासाठी ही मर्यादा ३० मिलिग्रॅम ठेवली आहे. पहाटे चारला उठलेल्या माणसाचे १७ तास रात्री नऊला पूर्ण होतात. शरीरातील घड्याळामुळे रात्री नऊची ग्लानी आणि मध्यरात्रीनंतरची ग्लानी सारखी नसते, हे खरे. तरीही स्थानकाबाहेर उभी केलेली दुचाकी सुरू करताना आपण किती तास जागे आहोत, याचा हिशेब प्रत्येकाने करावा. मद्याचा वास येतो, जागरणाचा येत नाही, एवढाच फरक.

काही वेळा माणूस तासांनी पुरेसा झोपतो, तरी त्याची झोप पुरी होत नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी केलेला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे सांगण्याजोगा आहे. नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांमध्ये त्यांनी झोपेतील श्वासाचा अडथळा शोधला. दिवसा येणाऱ्या झोपेसह हा विकार असण्याचे प्रमाण त्यांना ७.५ टक्के आढळले. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबल्यासारखा होऊन दचकणे, सकाळी डोके जड असणे आणि दिवसा बसल्या जागी डोळा लागणे ही त्याची लक्षणे होत. घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण आहे, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती सोडून द्यावी आणि अशा व्यक्तीला तपासणीसाठी अवश्य आणावे. या विकारावर उपचार आहेत.

रुग्णाच्या उशाशी

आता रुग्णालयाच्या आवारात येऊ. घरातील माणूस दाखल झाला की पत्नी, मुलगा, सून किंवा वृद्ध आई त्याच्या उशाशी बसते. एक रात्र, दोन रात्री, कधी आठवडा. ही सेवा आमच्या दृष्टीने वंदनीय आहे. परंतु सकाळी फेरीच्या वेळी डॉक्टर आजाराची माहिती देतात ती याच व्यक्तीला, शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही घेतली जाते ती हिचीच आणि घरी सोडताना ‘ही गोळी जेवणाआधी, ही नंतर, ही अर्धी, ही एक दिवसाआड’ असे सांगितले जाते तेही हिलाच. ज्या मेंदूला हातचा धरणे कठीण झाले आहे, त्याच्यावर आपण सर्वांत मोठी बेरीज सोपवतो. ऐकताना ती व्यक्ती मान डोलावते, कारण त्या क्षणी तिला समजलेले असते. दारापर्यंत जाईतो निम्मे निसटते. यात तिचा निष्काळजीपणा नाही आणि अशिक्षितपणाही नाही. उच्चशिक्षितांचेही हेच होते.

जागलेल्या माणसाकडून महत्त्वाची गोष्ट वदवून घेऊ नये, हे तत्त्व आता न्यायालयांनीही मान्य केले आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये रामलीला मैदान प्रकरणाच्या निकालात झोप ही जगण्याच्या मूलभूत हक्काशी निगडित असल्याचे म्हटले. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने, एका ज्येष्ठ नागरिकाचा जबाब तपासयंत्रणेने मध्यरात्रीनंतरही नोंदवल्याबद्दल नापसंती व्यक्त केली. झोप ही माणसाची मूलभूत गरज असून तिच्या अभावी त्याची मानसिक शक्ती आणि आकलन बिघडू शकते, अशा आशयाचे मत न्यायालयाने नोंदवले. जबाबाच्या बाबतीत जे खरे, ते संमतिपत्राच्या बाबतीत का खरे नसावे?

म्हणून नातेवाइकांना आमची विनंती आहे. रात्रीची पाळी वाटून घ्या. एकाच व्यक्तीने सलग दोन रात्री बसू नये. डॉक्टरांशी बोलताना रात्री झोपलेला एक जण तरी बरोबर असू द्या. औषधांची वेळ लिहून मागा आणि ऐकलेले आपल्या शब्दांत परिचारिकेला परत सांगा. तसे सांगितल्याने आमच्यापैकी कोणालाही राग येणार नाही, उलट समाधान वाटेल. सोडल्यावर वाहन चालवण्याचे काम उशाशी बसलेल्याकडे देऊ नका.

हीच कसोटी आम्हांलाही लागू आहे. बोस्टनमधील एका मोठ्या रुग्णालयात झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, २४ तास आणि त्याहून लांब पाळ्या करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांकडून, आखूड पाळ्यांच्या तुलनेत सुमारे ३६ टक्के अधिक गंभीर चुका झाल्याचे आढळले. परंतु २०२० मध्ये याच संशोधकांच्या पुढाकाराने सहा रुग्णालयांच्या बालरोग अतिदक्षता विभागांत झालेल्या मोठ्या अभ्यासाने एक कडू सत्य दाखवले. पाळ्या आखूड केल्या, तरी एकूण चुका घटल्या नाहीत, त्या वाढल्या. कारण काही ठिकाणी प्रत्येक डॉक्टरच्या वाट्याला अधिक रुग्ण येऊ लागले. कामाचा हा भार हिशेबात धरल्यावर तो फरक उरला नाही. यातून घ्यायचा बोध असा की, नुसते वेळापत्रक बदलून झोप मिळत नाही. तास कमी करायचे, तर हात वाढवावे लागतात.

देणगीदारांना आमचे निवेदन याच ठिकाणी आहे. यंत्र देणगीत मिळाले की त्यावर दात्याचे नाव कोरता येते. रात्रपाळीच्या एका जादा परिचारिकेच्या वेतनावर नाव कोरता येत नाही. नातेवाइकांना चार तास पाठ टेकता येईल अशा स्वच्छ खोलीचे छायाचित्र अहवालात फारसे उठून दिसणार नाही. वॉर्डातील दिवे रात्री मंद करण्याची सोय, चाके न वाजणाऱ्या ट्रॉल्या, रात्री अकारण होणारे रक्तदाबमापन टाळणारे नियोजन यांची गणना कोणी वैभवात करीत नाही. तरीही रुग्णाची झोप, परिचारिकेची सावधानता आणि नातेवाइकांचे भान या तिन्ही गोष्टी याच खर्चातून सुरक्षित राहतात. विश्वस्त मंडळाने पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकाचा विचार करताना या बाबींना स्वतंत्र स्थान द्यावे, अशी आग्रहाची विनंती आम्ही आज या व्यासपीठावरून करीत आहोत.

घरोघरी करण्याजोग्या गोष्टी थोड्याच आहेत. उठण्याची वेळ बदलता येत नसेल, तर निजण्याची वेळ पुढे ढकलू नये. सुट्टीच्या दिवशीही या वेळा फार बदलू नयेत. दुपारनंतर चहा-कॉफी आवरावी, मोबाइल उशापासून दूर ठेवावा. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलांना जागवू नये. जागून वाचलेले मेंदूत रुजण्यासाठी झोप लागते आणि उत्तरपत्रिका लिहिताना हातचा धरण्यासाठीही. पहाटे डबा करणाऱ्या माउलीची झोप ही घराची जबाबदारी समजून रात्रीची आवराआवर सर्वांनी वाटून घ्यावी. झोप येत नसल्याची तक्रार तीन-चार आठवडे टिकली, तर परस्पर दुकानातून गोळ्या न आणता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

जागरणाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. रुग्णालय म्हटले की कोणीतरी रात्री जागेच असले पाहिजे आणि आजवर जे जागले त्यांच्या ऋणात आम्ही आहोत. परंतु आज रात्री कोणी जागावे आणि उद्या त्याला झोप कोठे व केव्हा मिळावी, हे दोन्ही आधी ठरवणे, ही आपणा सर्वांची सामुदायिक जबाबदारी आहे.